जुन्या दर्याचा पडदा

‘वाम’ सापडली. तीही जेवणाच्या सुट्टीच्या आधी.

नियंत्रण कक्षात कुणाला काही सुचेना. पाणबुडीचं सरकारी नाव चांगलं लांबलचक होतं, पण वाम माशासारखी लांब, काळी आणि कपारीत दडून बसणारी म्हणून प्रयोगशाळेतल्या मंडळींनी तिचं बारसं परस्पर उरकून टाकलं होतं. हर्णैसमोरच्या खोल पाण्यात, तळाशी बसून, ती गेले दोन महिने सराव करत होती. आज तिची परीक्षा होती. आपल्याच नौदलाची एक शोधनौका तिला हुडकायला निघाली होती, आणि त्या नौकेच्या हाती दिवसभरात काही लागणार नाही याची संचालक लोटलीकरांना इतकी खात्री होती की पेढ्यांचा बॉक्स सकाळीच टेबलावर येऊन बसला होता. आता त्या बॉक्सकडे बघायची कुणाची हिंमत होत नव्हती.

हेमांगी पावसेने माईक स्वतःकडे ओढला. पाणबुडीवरचा आवाजाचा पडदा तिचा होता. निवृत्ती तीन-चार वर्षांवर आलेली, आणि आयुष्यभराच्या कामाची अशी शोभा झालेली. पलीकडे शोधनौकेवर लेफ्टनंट तन्वी नावाची एक तरुण अधिकारी कानाला हेडफोन लावून बसली होती. ‘वाम’ तिनेच शोधली होती.

“कशावरून सापडली?” हेमांगीने विचारलं.

“मॅडम, मासे गात होते.”

“समुद्रात मासे गातातच, तन्वी.”

“हो मॅडम, पुस्तकात वाचलंय.” तन्वी जरा अवघडली. “पण मी प्रत्यक्षात कधी ऐकले नव्हते. आज सगळीकडे सामसूम होती, आणि त्या एकाच जागी नुसता कल्ला चालला होता. म्हटलं, काय आहे तरी काय तिथे, म्हणून गेलो.”

हेमांगीने माईक खाली ठेवला. चूक कुठे झाली ते तिला तेवढ्यात कळलं होतं. ती दुसऱ्या कुणाची असती तर किती बरं झालं असतं, असं तिला मनापासून वाटलं.

पाणबुडीला शांत राहावं लागतं, हे शाळेतलं पोरही सांगेल. समुद्रात उजेड फार खोल जात नाही, आवाज मात्र कोसच्या कोस जातो. म्हणून पाण्याखाली जो तो कान टवकारून बसलेला असतो. आपल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या खपून पाणबुडीचे आवाज एकेक करून मारले. इंजिनाची घरघर गेली, पंख्याची फडफड गेली, पंपांना रबरी पायताणं मिळाली. बाहेरून अंगभर अशा फरश्या चिकटवल्या की शत्रूने मारलेली ध्वनीची हाक त्यांतच जिरून जावी. शेवटी ‘वाम’ इतकी मुकी झाली की तो मुकेपणाच अंगाशी आला.

कारण समुद्र स्वतः कधीच गप्प नसतो. लाटा फुटतात, लांबवर जहाजं घुमतात, खडकांतली एक चिमुकली कोळंबी नांगी मिटताना टिचकी वाजवते आणि अशा लाखो टिचक्यांचा तडतडाट रात्रंदिवस चालू असतो. या सगळ्या गोंगाटात एखादी वस्तू अजिबात आवाज करत नसेल आणि पलीकडून येणारा आवाजही गिळून टाकत असेल, तर तिथे एक भोक पडतं. जत्रेतल्या रोषणाईत एकाच दुकानाचा दिवा गेला तर सगळ्यांची नजर नेमकी तिथेच जाते, तसं. नव्या जमान्यातली ऐकणारी यंत्रं आवाज शोधत नव्हती, ती अशी भोकं शोधत होती.

त्यावर हेमांगीने काढलेला उपाय म्हणजे पडदा. पाणबुडीच्या प्रत्येक फरशीला आता कानही होता आणि तोंडही. पाणबुडी जिथे बसली असेल तिथे ती नसती तर जो समुद्र ऐकू आला असता, तोच फरश्यांनी बोलून दाखवायचा. पण जसं ऐकलं तसं ऐन वेळी पुढे ढकलणं जमत नाही, आवाज तेवढी सवड देत नाही. म्हणून पडद्यामागच्या संगणकाला आधी समुद्र शिकवायचा आणि मग त्याने आजूबाजूचा अदमास घेत आपल्या मनाने तो रचत राहायचं, अशी योजना होती.

शिकवायचा तर कुठला समुद्र शिकवायचा? हेमांगीला हा प्रश्न पडलाच नव्हता. तिच्याकडे समुद्र होता.

तीसेक वर्षांपूर्वी, प्रयोगशाळेत नुकती लागलेली असताना, तिने हर्णैचा दर्या ध्वनिमुद्रित केला होता. तिच्या वडिलांची, म्हणजे बाची, लाकडी होडी होती. बा वल्हवणार, हेमांगी पाण्यात हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा माईक, सोडणार, आणि तिसरा एक पुण्याचा इंजिनीअर होडीच्या काठाला धरून ओकत बसणार, असा तो सरंजाम होता. त्या इंजिनीअरचं नाव श्रीरंग. त्याला समुद्र लागायचा, तरी तो दर वेळी यायचाच. यंत्र दुसरं कुणी हाताळलं तर बिघडेल, असं तो सांगायचा. बाला ते पहिल्या दिवशीच कळलं होतं. “तुझा यंत्र पाण्यात हाय,” बा त्याला म्हणाला होता, “तू माझ्या पोरीकडे काय बघतोस?” पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं.

त्या मुद्रणांत घोल मासळी होती. कातरवेळी घोलीचे नर पोटातला फुगा थरथरवून माद्यांना साद घालतात. एक सुरू झाला की दुसरा, मग तिसरा, आणि बघता बघता अख्खा खडक गाऊ लागतो. होडीच्या तळाच्या फळीला कान लावला की यंत्राविनाही ते ऐकू यायचं. हेमांगी लहानपणी त्यावर झोपलेली होती. घोलीखाली ढोमा माशांची कुरकुर, त्याखाली कोळंबीचा तडतडाट, अगदी तळाशी लाटेचा श्वास. एवढं भरलेलं, एवढं स्वच्छ मुद्रण प्रयोगशाळेत दुसरं नव्हतं, म्हणून तिने पडद्याला तेच शिकवलं. शास्त्रीय कारण हे असं होतं. खरं कारण विचाराल तर बा गेल्यापासून ती त्या दर्यावर एकदाही गेली नव्हती, आणि तिच्या लेखी तो अजून तसाच होता.

पडदा अभ्यासात पक्का निघाला. ‘वाम’ हर्णैच्या तळाशी बसली, त्याने कान दिला, त्याला घोल ऐकू आली नाही. ढोमे ऐकू आले नाहीत. आपल्याच ऐकण्यात काहीतरी चुकतंय असं समजून त्याने उणं राहिलेलं सगळं आपल्या आठवणीतून भरून काढलं. सबंध अरबी समुद्रात घोल गात होती ती फक्त एका पाणबुडीच्या पाठीवर.

*

“आजचा समुद्र घाला,” लोटलीकर म्हणाले. पेढे एव्हाना शिपायांनी वाटून घेतले होते. “जसा आहे तसा. आणि जुनं काय असेल ते पुसून टाका. मूळ मुद्रणंसुद्धा.”

“मूळ मुद्रणं कशाला, सर?”

“हेमांगीबाई, ज्याच्या हाती ती लागतील त्याला आपला पडदा कसा विचार करतो ते कळेल. ‘वाम’चा सराव चालू असताना ते एक परदेशी सर्वेक्षण जहाज हद्दीबाहेर दोन महिने उगाच तरंगत नव्हतं. त्यांनीही ऐकलं असणार.” मग त्यांचा आवाज जरा खाली आला. लोटलीकर माणूस वाईट नव्हते. “तुमच्या घरचं आहे ते, मला ठाऊक आहे. पण त्या बोटीत आपली पोरं बसतात.”

 एका मुद्रणासाठी बोट बुडवावी असं म्हणायला हेमांगी काही वेडी नव्हती. तरी त्या दिवशी घरी जाताना तिला बा दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं.

आजचा समुद्र आणायला ती हर्णैला गेली. धाकटा भाऊ हरेश अजून मासेमारी करत होता. लाकडी होडी जाऊन आता फायबरची बोट आली होती, तिला इंजिन होतं, स्क्रीनवर मासळी दाखवणारं यंत्र होतं, आणि दाखवायला मासळी नव्हती.

“आलीस तू, बरा झाला,” तो म्हणाला. “मना वाटला, ताय दर्या इसरली.”

खडकाच्या जागी त्याने इंजिन बंद केलं. हेमांगीने हायड्रोफोन सोडला आणि हेडफोन कानाला लावला. लांब समुद्रात उभारलेल्या पवनचक्क्यांचा संथ घुमारा येत होता. एका मालवाहू जहाजाची धडधड येत होती. कोळंबीचा तडतडाट होता, पण विरळ. बाकी काही नाही. तिने आवाज वाढवून पाहिला, यंत्र तपासलं, तार हलवून पाहिली. पडद्याने जे केलं होतं तेच आपणही करतोय, हे तिच्या जरा उशिरा लक्षात आलं.

“काय गावला?” हरेशने विचारलं.

“काही नाही रे.”

“मग माझा बघ.” त्याने बर्फाच्या पेटीचं झाकण उघडलं. आत घोली होत्या. तीन, चांगल्या हातभर, अंड्यांच्या गाबोळीने पोटं फुगलेल्या. “हितंच, बाच्या खडकावर. बा होता तवा बघितलेली, त्यावर आत्ताच. ह्या दोन म्हयन्यांत येतात. का येतात कोनाला ठाव नाय. माझी बायको बोलते देवीची किरपा.”

हेमांगी त्या माशांकडे बघत राहिली. देवीची कृपा कसली, तिला माहीत होतं. समुद्रातली पिल्लं आणि विणीला आलेल्या माद्या आवाजाच्या मागाने जागा शोधतात. जिथे गजबज आहे तिथे खाणं आहे, आसरा आहे, नर आहेत, असा त्यांचा हिशेब. दोन महिने ‘वाम’ या खडकाशेजारी बसून जुना दर्या गात होती, आणि कुठून कुठून उरल्यासुरल्या घोली तो ऐकून परत आल्या होत्या. आल्या आणि हरेशच्या जाळ्यात गेल्या.

“हरेश, यांना जरा सोडत जा ना,” ती कसंबसं म्हणाली. “गाबोळीच्या आहेत.”

“मी सोडीन. बाजूचा सोडील?”

हेमांगीने पेटीचं झाकण लावलं. घोली का येतात ते सांगायची तिला परवानगी नव्हती.

*

श्रीरंग निवृत्त होऊन घरी बसला होता. कानाला यंत्र लागलं होतं. बायको नकोशा विषयावर बोलेल असं वाटलं की ते काढून ठेवायची त्याला सोय झाली होती. पण त्याची सुरक्षा-परवानगी अजून शाबूत होती, आणि पडद्याच्या फरश्या मुळात त्यानेच घडवलेल्या. हेमांगीने त्याला सगळं सांगितलं. उद्या नवा समुद्र भरायचा, जुना पुसायचा. खडकावर पुन्हा सामसूम होणार, आलेल्या घोली निघून जाणार.

“म्हणजे माझ्या ओकाऱ्यांचा आवाजही जाणार,” श्रीरंग म्हणाला.

“थट्टा करू नकोस, श्री.”

“थट्टा नाही. तिसऱ्या मुद्रणात आहे तो. तू पुसायला विसरली होतीस.”

“विसरले नव्हते,” हेमांगी म्हणाली.

 श्रीरंगने चहाचा कप बाजूला सारला. “शत्रूची पण गंमत आहे बघ. त्या जहाजावरचे लोक आता आपल्या वरिष्ठांना सांगत असतील, हिंदुस्थानची पाणबुडी ओळखायची तर घोल कुठे गाते ते ऐका. पुढची दहा वर्षं बिचारे घोलीच्या मागे फिरणार.”

हेमांगी हसली, आणि हसता हसता थांबली. श्रीरंगने कानातलं यंत्र नीट बसवलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणसाला कुठे गप्प राहायचं आणि कुठे ऐकायचं ते बरोबर समजतं.

“तुझ्या फरश्या जादा पडल्या होत्या ना?” तिने विचारलं.

“गोदामात ढीग आहे.”

“त्या समुद्रतळाला बसवल्या तर किती काळ गातील?”

*

दुसऱ्या चाचणीला ‘वाम’ आजचा समुद्र पांघरून निघाली. घुमारा, धडधड, विरळ तडतड. खूप खोलवर हेमांगीला त्या रित्या समुद्राची लाज वाटत होती, पण पडदा चोख होता. इकडे हर्णैच्या खडकावर, तळाशी, फरश्यांचा एक ठोकळा उतरवला होता आणि तो बाच्या वेळचा दर्या गात होता. तन्वीची शोधनौका सरळ त्याच्यावर चालून गेली. परदेशी जहाजही हद्दीच्या कडेकडेने तिकडेच सरकलं. दोन दिवस ‘वाम’ त्या जहाजाच्या पाठीमागे बसून होती आणि त्याच्यावरच्या लोकांना त्याचा पत्ताही नव्हता, या एका गोष्टीवर प्रयोगशाळा महिनाभर खूश होती. लोटलीकरांनी या वेळी पेढे नंतर मागवले.

मूळ मुद्रणं आता पुसायची नव्हती. ती आता फसवणुकीचं हत्यार झाली होती, आणि हत्यार कुणी पुसत नाही. ठोकळा कायमचा तिथेच ठेवायचं ठरलं. हेमांगीला वाटलं, आपल्यासारखं नशीब कुणाचं नाही. बोट वाचली, बाचा दर्या वाचला.

मग नकाशा आला. ठोकळ्याला जाळी अडकू नयेत, कुणी तो पाहू नये, म्हणून चहूबाजूंनी तरंगते बोये टाकून भोवतालचं पाणी मासेमारीला बंद करायचं होतं. लाल रेघेच्या बरोबर मध्यभागी बाचा खडक होता. हेमांगीला हे आधी सुचायला हवं होतं. सुचलं नाही, कारण ती आवाजाचा विचार करत होती, भावाचा नाही.

हरेश स्वतः तिच्या घरी आला. चपला दारात काढल्या, पण बसला नाही.

“तुमच्या लोकांनी बोये टाकले. बाच्या खडकाच्या चारी अंगाला.”

“हो.”

“तुला ठाव होता?”

“हो.”

“येवढी वर्सं काय नव्हता तिथं. आता कुठं घोल यायला लागली तर तुम्ही बंद केला. का?”

“मला सांगता येत नाही, हरेश.”

“मी तुझा भाव हाय. बा मरताना काय बोलला? खडक तुमचा दोघांचा. तू तुझा वाटा घेतलास, माझा पन घेतलास.”

श्रीरंग मध्ये पडायला उठला, तर हरेश त्याला म्हणाला, “भावोजी, तुमी बसा. तुमचा काय नाय ह्याच्यात.” आणि निघून गेला. त्या वर्षी भाऊबीजेला तो आला नाही. पुढच्या वर्षीही नाही. हेमांगी ओवाळणीचं ताट तयार करायची, संध्याकाळपर्यंत ठेवायची, मग आत नेऊन ठेवायची. जेवताना तिचे डोळे भरून यायचे आणि ती ते लपवतही नसे. श्रीरंग समजूत काढायचा प्रयत्न करी. काही गोष्टींची समजूत निघत नाही.

*

ठोकळ्याच्या बॅटऱ्या बदलायची वेळ आली तेव्हा हेमांगीच्या निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते. हे काम मीच करणार, असं तिने सांगून टाकलं. तन्वी आता बढती मिळून मोठी अधिकारी झाली होती, पण हेमांगीपुढे अजून विद्यार्थिनीसारखी उभी राहायची.

नौदलाच्या डायव्हरांनी ठोकळा वर काढला तेव्हा दिवस कलत होता. शिंपले आणि शेवाळ लागून त्याला एखाद्या जुन्या खडकाची कळा आली होती. बटण बंद करून तो डेकवर ठेवला. पाण्यात नुसता हायड्रोफोन सोडलेला होता, आजूबाजूची नोंद घेण्यासाठी. तन्वीने सहज हेडफोन लावला आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

“मॅडम, ठोकळा नक्की बंद केलाय ना?”

“तुझ्यासमोर पडलाय की.”

“मग हे काय आहे?”

हेमांगीने हेडफोन घेतला. खालून घोल गात होती. एक सुरू झाली, तिला दुसरीने उत्तर दिलं, मग लांबून आणखी एक. मुद्रणातला स्वर न्‌ स्वर हेमांगीला पाठ होता, आणि यातलं काहीच त्यात नव्हतं. मुद्रणातल्या घोली पोक्त होत्या, भारदस्त आवाजाच्या. हे आवाज कोवळे होते, मध्येच अडखळणारे, पुन्हा सुरू होणारे. इथेच जन्मलेले नर पहिल्यांदाच गाऊन बघत होते. त्यांच्याखाली ढोमे कुरकुरत होते. अगदी तळाशी कोळंबी तडतडत होती, दाट, जशी तिने लहानपणी फळीला कान लावून ऐकली होती तशी.

ती डेकवर ठोकळ्याशेजारी बसून राहिली आणि पोटभर रडली.  तन्वी शेजारी येऊन बसली.

किनाऱ्यावर पोचताच दुसरी बातमी वाट बघत होती. घोल गाते तिथे पाणबुडी असते, हे शत्रूच्या डोक्यात आता पुरतं बसलं होतं, आणि त्याला चकवायला नौदलाला हा ठोकळा आता दुसरीकडे हलवायचा होता. हर्णैच्या मच्छीमार संस्थेने पाणी खुलं करण्याची मागणी केलीच होती. सुनावणी घेऊ, संस्था हवं म्हणाली तर बोये उचलून टाकू, असं ठरलं. संस्थेचा अध्यक्ष हरेश पावसे होता.

हेमांगीची झोप उडाली. बोये उचलले की भावाचा खडक भावाला परत मिळणार, त्यासाठी ती देव पाण्यात घालून बसली होती. आणि बोये उचलले की एका हंगामात जाळी त्या कोवळ्या आवाजांवरून फिरणार. एकटा हरेश असता तर ती त्याच्या पाया पडली असती. किनाऱ्यावर दीडशे बोटी होत्या. खडकावर काय आहे हे सांगावं तर त्या दीडशे बोटी उद्याच तिथे, आणि न सांगावं तर भावाला दुसऱ्यांदा फसवल्यासारखं. शिवाय गुपिताची शपथ होतीच. तिने श्रीरंगला विचारलं. तो म्हणाला, “तुला काही करता येणार नाही, हेमा. जाऊन बस फक्त.”

सुनावणी बंदराजवळच्या शाळेच्या मोठ्या वर्गात होती. नौदलाची मंडळी टेबलाच्या एका बाजूला, कोळी समोर बाकांवर. हेमांगी अधिकाऱ्यांच्या रांगेत कडेला बसली. हरेशने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याचे केस पांढरे झाले होते. तीन वर्षांत ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

अधिकारी सभ्य होते. त्यांनी लांबण न लावता विचारलं, “पाणी खुलं करायला आमची हरकत नाही. संस्थेची मागणी कायम आहे ना?”

हरेश उठला. त्याने खांद्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला, घडी केली, पुन्हा मोडली.

“नाय साहेब,” तो म्हणाला. “मागणी मागं घेतो. बोये ऱ्हाव दे तिथंच.”

बाकांवर एकदम गलका उठला. अधिकारी चक्रावले. “कारण काय?”

“कारण नाय इचारायचा.”

“अहो, पण नोंदीत काहीतरी लिहावं लागेल.”

“लिहा, अध्यक्षाला वाटला.” मग त्याने पहिल्यांदा हेमांगीकडे पाहिलं, आणि जे बोलला ते अधिकाऱ्यांना उद्देशून असलं तरी तिच्यासाठी होतं. “परवा माझा इंजिन बंद पडला, हद्दीच्या बोयाजवळ. तिनसांजेची वेळ. बोटीत आडवा झालो होतो. बस, येवढाच.”

हेमांगीला सगळं कळलं. फायबरच्या तळातूनही ऐकू येतं तर. त्याने ऐकलं होतं, आणि ऐकून तो कुणालाच बोलला नव्हता, बायकोलासुद्धा. तो एक शब्द जरी बोलला असता तर त्या शब्दामागून जाळी गेली असती.

मागून कुणीतरी ओरडलं, “किती घेतलेस रे बहिनीकडून?” दुसऱ्या कुणी त्याच्या बाचं नाव काढलं. ज्यांच्याबरोबर तो लहानाचा मोठा झाला होता ते लोक बाकांवरून उठून त्याच्या अंगावर धावल्यासारखे बोलत होते. हरेश मान खाली घालून ऐकून घेत होता. त्याच्याकडे देण्यासारखं उत्तर होतं, आणि ते तो देणार नव्हता. ते कसं असतं हे त्या खोलीत फक्त एकाच माणसाला ठाऊक होतं.

हेमांगी उठली. शेजारच्या अधिकाऱ्याने “मॅडम” म्हणून हळूच हटकलं, पण ती थांबली नाही. टेबलाला वळसा घालून ती पलीकडे गेली आणि त्या सगळ्या शिव्यांत भावाच्या शेजारी जाऊन उभी राहिली.